सार्कोमाच्या उपचारकाळात पती किंवा पत्नीची साथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्नायू, चरबी, मज्जातंतूंची आवरणे, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींमध्ये उद्भवणाऱ्या कर्करोगाला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणतात. माझ्या पत्नीच्या मांडीत हा आजार निघाला. तिचे उपचार पार पडल्यानंतर मी अशा कुटुंबांना माहिती देण्याचे काम करू लागलो, आणि रुग्णांच्या पती-पत्नींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते येथे उत्तरांसह मांडले आहेत. औषधोपचारांचा सल्ला आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यायचा आहे. येथे भर आहे तो सोबतीच्या माणसाने काय पाहावे, काय विचारावे आणि काय सांभाळावे यावर. ज्याला आजार झाला आहे त्याला वगळून कोणताही निर्णय होऊ नये, हे माझे ठाम मत आहे आणि ते पुढच्या बहुतेक उत्तरांत दिसेल.

दुर्मीळ कर्करोग म्हणजे नेमका किती दुर्मीळ, आणि त्याने आमच्या बाबतीत काय फरक पडतो?

युरोपात वापरल्या जाणाऱ्या व्याख्येनुसार, वर्षाला एक लाख लोकसंख्येमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळणारा कर्करोग दुर्मीळ समजला जातो. प्रौढांना होणाऱ्या एकूण कर्करोगांत सॉफ्ट टिश्यू सार्कोमाचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे, आणि त्या एका टक्क्यातही सत्तराहून अधिक उपप्रकार आहेत. याचा व्यवहारातला अर्थ असा की तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे उत्तम शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेही असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेले असतात. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाबद्दल नात्यातले, शेजारचे कोणी ना कोणी अनुभवाचे चार शब्द सांगू शकते. सार्कोमाबद्दल तसे सांगणारे माणूस सहसा भेटत नाही. त्यामुळे योग्य केंद्रापर्यंत लवकर पोहोचणे आणि सर्व कागद नीट बाळगणे ही दोन कामे जोडीदाराच्या वाट्याला इतर कर्करोगांपेक्षा अधिक येतात.

गावातल्या डॉक्टरांनी साधी चरबीची गाठ म्हणून ती काढली आणि नंतर अहवालात सार्कोमा आला. आता काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. चरबीच्या निरुपद्रवी गाठी अतिशय सर्रास आढळतात आणि सार्कोमा क्वचित, त्यामुळे अशी गल्लत जगभर होते. पाच सेंटिमीटरहून मोठी, खोलवर असलेली किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर आधी एमआरआय, मग सुईने तुकडा घेऊन बायोप्सी आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. बायोप्सीची सुई कोठून घालायची हेदेखील पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने ठरवलेले बरे, कारण सुईचा तो मार्गही नंतर गाठीबरोबर काढण्याचा विचार करावा लागतो.

क्रम चुकून गाठ आधीच निघाली असेल, तर वाट संपलेली नसते. बहुतेकदा त्या जागेची पुन्हा शस्त्रक्रिया करून आजूबाजूचा भाग काढला जातो आणि गरजेप्रमाणे रेडिएशन दिले जाते. या घडीला डॉक्टरांशी भांडण्यात दिवस घालवू नका. त्यांच्याकडून वस्तू आणि कागद मिळवा. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ते सर्व ब्लॉक, त्यांवरून केलेल्या काचेच्या स्लाइड, शस्त्रक्रियेत काय आढळले व काय केले याची लेखी नोंद, आणि शस्त्रक्रियेपूर्वी काही तपासण्या झाल्या असतील तर अहवालाबरोबर त्यांच्या फिल्म किंवा सीडी, एवढे सर्व हाती आल्याशिवाय मुंबईची गाडी पकडू नका. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवल्यास मेण मऊ पडते, म्हणून ते छोट्या प्लास्टिकच्या डबीत, पाकिटावर नाव आणि लॅबचा क्रमांक लिहून, हातातल्या पिशवीत ठेवावेत. मोठ्या केंद्रात हेच ब्लॉक पुन्हा तपासले जातात. त्या तपासणीत उपप्रकाराचे नाव बदलू शकते आणि त्यानुसार उपचारही बदलू शकतात, त्यामुळे या फेरतपासणीला लागणारे दिवस वाया गेले असे समजू नये.

कोठे दाखवावे?

हाडे आणि मऊ ऊतींच्या गाठींसाठी जेथे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोथेरपीचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात, तेथे. महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांसाठी त्याचा अर्थ परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय असा होतो. १९४१ साली सुरू झालेल्या या संस्थेचे दुसरे केंद्र खारघरला आहे. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरातील अनेक रुग्णालये सामील आहेत, त्यामुळे निर्णय आणि शस्त्रक्रिया मुंबईत व केमोथेरपी किंवा रेडिएशन घराजवळ, अशी विभागणी काहींना शक्य होते. ती शक्य आहे का हे पहिल्याच भेटीत विचारावे. सहा महिने मुंबईत मुक्काम करणे आणि महिन्यातून दोनदा येऊन जाणे यांत घरच्या अर्थकारणाला आणि मुलांच्या शाळेला पडणारा फरक फार मोठा असतो.

घरचे म्हणतात, तिला कॅन्सर आहे हे सांगू नका, ती खचेल. मी काय करावे?

आपल्याकडे हे अगदी प्रेमापोटी घडते. अहवाल दीर हातात घेतो, डॉक्टरांच्या खोलीत सासरे आणि नवरा जातात, आणि जिच्या मांडीत गाठ आहे ती बाहेरच्या बाकावर बसून राहते. तिला सांगितले जाते की साधी गाठ आहे, थोडे शेक घ्यावे लागतील. पण ज्या फलकाखाली ती बसली आहे त्यावर कर्करोग हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि शेजारच्या बाकावरच्या बाईचे केस गेलेले असतात. तिला कळलेले असतेच. मात्र सगळ्यांनी लपवल्यामुळे तिला ते कोणाशी बोलता येत नाही.

पत्नीला सांगण्याचे धाडस मी करू शकेन का, असा विचार करण्याआधी तिला किती जाणून घ्यायचे आहे हे तिलाच विचारावे. "डॉक्टरांशी बोलताना तू माझ्याबरोबर आत येणार का, की मी ऐकून तुला सांगू?" एवढ्या साध्या प्रश्नाने सुरुवात होते. काहींना सगळे ऐकायचे असते, काहींना फक्त पुढची पायरी. दोन्ही मान्य करावे. आकडे, टक्के आणि किती वर्षे हे प्रश्न तिने विचारल्याखेरीज आपणहून पुढे करू नयेत, पण तिने विचारल्यावर खोटेही बोलू नये. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीच्या संमतिपत्रावर सही रुग्णाची लागते, आणि कशासाठी सही करतो आहोत हे सही करणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. वडीलधाऱ्यांचा आग्रह फार असेल तर त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना त्यांच्याशी बोलायला सांगावे. बाहेरच्या जाणत्या माणसाचा शब्द अशा वेळी घरात सहज ऐकला जातो.

पती रुग्ण असेल तेव्हा अडचण थोडी वेगळी असते. त्याला सगळे माहीत असते आणि पत्नीलाच अंधारात ठेवले जाते, कारण पैशाचे व निर्णयाचे व्यवहार घरातल्या पुरुषांनी बघायचे असा समज असतो. रात्री दोन वाजता ताप चढल्यावर जागी असणारी व्यक्ती तीच असते. तिला फाइलमधला प्रत्येक कागद माहीत असायला हवा.

पाय किंवा हात कापावा लागेल का?

बहुतेकांचा लागत नाही. पूर्वी अवयव काढून टाकणे हाच रिवाज होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रुग्णांवर केलेल्या आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अवयव वाचवून केलेली शस्त्रक्रिया व रेडिएशन आणि अवयव काढणे यांत जगण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. तेव्हापासून अवयव वाचवण्याकडे कल वळला. मुख्य रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू गाठीत गुरफटले असतील तर आजही काही वेळा अवयव काढावा लागतो. तसे झाल्यास शस्त्रक्रियेआधीच कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञांची आणि आधी या वाटेने गेलेल्या एखाद्या रुग्णाची भेट घडवून आणावी.

रेडिएशन शस्त्रक्रियेआधी की नंतर?

दोन्ही पद्धती आहेत. आधी दिल्यास मात्रा कमी लागते, साधारण पाच आठवड्यांत पंचवीस वेळा, पण जखम भरण्याला त्रास होण्याची शक्यता वाढते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत असा त्रास आधी रेडिएशन घेतलेल्या ३५ टक्के आणि नंतर घेतलेल्या १७ टक्के रुग्णांना झाला. नंतर दिल्यास मात्रा जास्त, आणि पुढे त्या भागात ताठरपणा व सूज राहण्याचे प्रमाण जास्त. निर्णय डॉक्टरांचा असला तरी घरच्या तयारीवर त्याचा परिणाम होतो. आधी रेडिएशन झालेले असेल तर शस्त्रक्रियेनंतरचे ड्रेसिंग लांबेल असे धरून रजा आणि राहण्याची सोय करावी. सांधा आखडू नये म्हणून फिजिओथेरपिस्टनी शिकवलेले व्यायाम रोज करून घेणे हे जोडीदाराचेच काम आहे, आणि ते कंटाळवाणे असल्यामुळे नेमके तेच आधी सुटते.

केमोथेरपीच्या दिवसांत घरी कशावर लक्ष ठेवावे?

सर्वच सार्कोमांना केमोथेरपी लागत नाही. लागते तेव्हा डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड ही औषधे प्रामुख्याने वापरली जातात. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होते; त्याने घाबरून जाऊ नये. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून अधूनमधून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. आयफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून सोबत मेस्ना नावाचे औषध देतात. मात्र आयफॉस्फामाइड चालू झाल्यावर लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या किंवा जळजळ होऊ लागली तर ते लाल औषधाचा रंग समजून सोडून देऊ नये, लगेच कळवावे.

आयफॉस्फामाइडचा आणखी एक परिणाम जोडीदाराच्याच नजरेला सर्वांत आधी येतो, तो म्हणजे मेंदूवरची गुंगी. औषध चालू असताना किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत माणूस जरुरीपेक्षा जास्त झोपतो, एका प्रश्नाला दुसरेच उत्तर देतो, ओळखीच्या माणसाचे नाव चुकवतो, हवेत काहीतरी वेचल्यासारखे हात हलवतो. वॉर्डातल्या नर्सला हे थकव्यासारखे वाटू शकते, कारण हा माणूस एरवी कसा बोलतो हे तिला माहीत नसते. "हे यांचे नेहमीचे बोलणे नाही" असे स्पष्ट शब्दांत सांगावे. बहुतेक वेळा हा परिणाम ओसरतो, आणि वेळीच कळले तर औषध थांबवून उपाय करता येतात.

ताप ही सर्वांत गंभीर गोष्ट. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. त्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर तो तातडीचा प्रसंग समजावा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबू नये, कारण तापाचा आकडा उतरतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. गावी असाल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे, आणि जाताना एक कागद हातात असावा: निदान, केमोथेरपीच्या औषधांची नावे, शेवटची मात्रा दिल्याची तारीख, आणि ताप आल्यास रक्ततपासणी करून शिरेतून प्रतिजैविक ताबडतोब सुरू करावे अशी आपल्या कर्करोगतज्ज्ञांची सूचना. हे पत्र पहिल्या केमोथेरपीच्या वेळीच मागून घ्यावे. ज्या डॉक्टरांनी सार्कोमाचा रुग्ण कधी पाहिलेला नाही, त्यांना या पत्राने मोठा आधार मिळतो.

आहाराबद्दल थोडक्यात: ताजे, शिजवलेले, घरचे. वरणभात, मऊ भाकरी, अंडे, धुऊन सोललेली फळे. बाहेरचा रस, कच्ची कोशिंबीर आणि उघड्यावरची चटणी पेशी कमी असताना टाळावी. कोणी काढे, भस्मे, गुळवेलीच्या गोळ्या आणून दिल्या तर आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नयेत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली आहे, आणि केमोथेरपीच्या काळात यकृतावर आधीच भार असतो.

आम्हाला अजून मूल हवे आहे.

तर केमोथेरपी सुरू होण्याच्या आधीच सांगा. पुरुषाचे वीर्य गोठवून ठेवण्यास एक-दोन दिवस पुरतात. स्त्रीबीज किंवा गर्भ गोठवण्यास साधारण दोन आठवडे लागतात. गडबडीत हा विषय डॉक्टरांकडूनही राहून जातो आणि संकोचामुळे नवरा-बायकोही काढत नाहीत. उपचार चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नये, आणि नंतर किती काळ थांबायचे ते विचारून घ्यावे. शरीरसंबंधांना सरसकट बंदी नसते. पेशी फार कमी असताना थांबावे आणि केमोथेरपीनंतरचे काही दिवस निरोध वापरावा. इच्छाच होत नाही असे कित्येक महिने चालू शकते. त्याचा प्रेमाशी संबंध लावू नये.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. येथे महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी योजनेची मंजुरी लागते. आधी बिल भरून मग परतावा मागता येईल असे गृहीत धरू नये. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचे नाव जुळत नसेल, विशेषतः लग्नानंतर पत्नीचे नाव एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे असेल, तर ती दुरुस्ती गावाकडच्या कोणाकडे तरी त्याच दिवशी सोपवावी. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा हे पुढचे पर्याय. टाटा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे. तेथील समाजसेवक विश्वस्त संस्थांच्या मदतीचे अर्ज करून देतात. मदत मागताना अनेकांची मान खाली जाते, विशेषतः आजवर स्वतः इतरांना देत आलेल्यांची. हा निधी अशाच वेळेसाठी उभारलेला असतो.

प्रवासात रेल्वेच्या विहित नमुन्यातील दाखल्यावर कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि थ्री-टायर वातानुकूलित वर्गात पूर्ण, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बहुतेक कुटुंबांना ठाऊक असते; तेथे जागा नसेल तर समाजसेवा विभागाकडे इतर निवासांची माहिती मिळते. पदपथावर राहण्याची वेळ येण्याआधी त्यांच्याकडे जावे.

नातेवाइकांचे फोन आणि भेटी आवरत नाहीत.

घरातल्या एका माणसाकडे ते काम द्या, आणि तो माणूस आपण नसावा. भाऊ, वहिनी, मोठी भाची, कोणीही. रोज संध्याकाळी त्याने चार ओळींचा निरोप सगळ्यांना पाठवावा. काय सांगायचे आणि काय नाही हे रुग्णाने ठरवावे. जे विचारतात "काही मदत लागली तर सांगा", त्यांना नेमके काम सांगावे: मंगळवारी डबा, शनिवारी मुलांना शाळेतून आणणे, रक्तपेढीत प्लेटलेट देणे. पेशी कमी असताना सर्दी-खोकला असलेल्यांना दारातूनच परत पाठवताना वाईटपणा आला तरी तो घ्यावा.

मुलांना त्यांच्या वयाला कळेल अशा शब्दांत खरे सांगावे. आईचे केस जातील आणि परत येतील, आणि हा आजार तिला हात लावल्याने होत नाही, या दोन गोष्टी लहानग्यांना आवर्जून सांगाव्यात. आपल्या हट्टामुळे आई आजारी पडली असे लहान मुले मनात धरून बसतात.

माझीच झोप उडाली आहे, चिडचिड होते, आणि ती कोणाला सांगता येत नाही.

तशी ती होणारच. दिवसभर रांगा, रात्री औषधांच्या वेळा, मध्येच कार्यालयातून येणारे फोन, आणि रुग्णासमोर हसतमुख राहण्याची सक्ती. यांत माणूस दमतो आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्याच्यावरच खेकसतो. आठवड्यातून एक रात्र तरी दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ झोपावे आणि आपण घरी झोपावे, ही व्यवस्था पहिल्याच महिन्यात लावावी. माझ्या मेव्हणीने शनिवारची रात्र स्वतःकडे घेतली होती आणि त्या एका झोपेवर आमचा पुढचा आठवडा निभावत असे. आपल्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चुकवू नका. झोप कित्येक आठवडे येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. सोबतीच्या माणसानेही हा फोन करावा. तो रुग्णांपुरता नाही.

उपचार संपले. आता पुढे काय?

सार्कोमा परत आला तर बहुधा मूळ जागी किंवा फुप्फुसांत येतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी आणि त्यापुढे वर्षातून एकदा, त्या जागेची तपासणी आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. तपासणीच्या आधीचा आठवडा दोघांनाही जड जातो. तपासणी आणि अहवाल यांतले अंतर कमीत कमी राहील अशा तारखा मागून घ्याव्यात. पाय दुखला की "परत आला का" असा प्रश्न डोळ्यांत उभा राहतो; ती शंका दोघांनी एकमेकांपासून लपवण्यापेक्षा बोलून, दोन आठवड्यांत दुखणे थांबले नाही तर दाखवायचे असे ठरवून टाकावे. नवी गाठ हाताला लागली तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

आजार परतला आहे आणि डॉक्टरांचे शब्द बदलले आहेत. आता मी काय विचारावे?

प्रथम हे विचारावे की पुढचा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी. फुप्फुसांत मोजक्याच गाठी असतील तर काही रुग्णांत त्या शस्त्रक्रियेने काढता येतात. काही उपप्रकारांत पाझोपानिबसारख्या गोळ्या देतात. प्रत्येक उपचारापुढे हे विचारावे की त्यातून काय मिळेल, त्यासाठी किती दिवस रुग्णालयात जातील, आणि तो न घेतल्यास काय होईल. वेदनाशामक उपचार करणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाकडे शेवटच्या दिवसांत पाठवतात असा समज आहे. प्रत्यक्षात दुखणे, धाप आणि निद्रानाश यांसाठी त्यांची मदत कितीतरी आधीपासून घेता येते आणि घ्यावी. मॉर्फिनच्या गोळ्यांना भिऊ नये. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत त्या घेतल्यास दुखणे आवरते आणि माणूस घरच्यांशी बोलू शकतो, जेवू शकतो.

आणि पुन्हा तेच, तिला किंवा त्याला विचारा: कोठे राहायचे आहे, कोणाला भेटायचे आहे, व्हेंटिलेटर हवा की नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते, आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा त्या नातेवाइकांची नावेही त्यात देता येतात. त्याची एक प्रत रुग्णालयाच्या फाइलमध्ये लावावी, एक घरच्या डॉक्टरांकडे द्यावी, आणि ज्या नातेवाइकांची नावे लिहिली आहेत त्यांना कागद तयार झाल्यावर बोलावून तो वाचून दाखवावा.